मागून येणाऱ्याचं सरपण

१

हल्लावाराच्या राष्ट्रीय उद्यानातले मोतीशिंपले चोरीला गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तळ्याच्या धक्क्यावर गुडघे टेकून गालिचा घासत होते.

"एक-दोन नाही गं, हेल्वी, सगळेच्या सगळे," एन्सिओ मोइलानेन म्हणाला. "ओढ्याच्या त्या वाकणावर दोनशेच्या आसपास होते. तळ झाडून काढावा तसा रिकामा झालाय."

मी वन्यजीव निरीक्षक. निवृत्तीला एक हिवाळा उरलेला. माझ्या हद्दीत माणसांपेक्षा अस्वलं जास्त, आणि अस्वलं खोटं बोलत नाहीत, म्हणून ही नोकरी मला मानवली. गालिचा तसाच ओला कठड्यावर टाकला आणि गाडी काढली.

एन्सिओ उद्यानाचा प्रमुख. आम्ही दोघं एकाच वर्षी जंगलखात्यात शिकाऊ म्हणून लागलो, एकाच खोपीत भिजलो आणि एकाच किटलीतली कॉफी प्यायलो. त्याची बायको जाऊन तीन वर्षं झाली. कचेरीत एकटाच बसला होता. मला पाहून उठला, कॉफी ओतली, कमरेची सुरी काढून भाजक्या चीजचे काप करून पुढे केले. आमच्याकडचं हे चीज दाताखाली कुंईकुंई करतं. कॉफीत बुडवून खायचं असतं.

"सुरीला धार लाव की रे," मी म्हटलं. प्रत्येक कापावर मधोमध एक बारीक रेघ वर आलेली होती. "तुझं चीजसुद्धा सुरकुतलंय."

"वय झालं, हेल्वी. तिचं आणि माझं." तो हसला नाही. "ऐक. ती पोरगी, इल्मी सार्कोला. उन्हाळ्यापुरती इंटर्न आलीय, हेलसिंकीच्या विद्यापीठातून. शिंपले मोजायचं काम तिच्याकडे होतं. जागा कुणाला सांगायची नाही, हे तिला बजावलं होतं. तरी तिनं एका परक्या होडीवाल्याला नेऊन दाखवली. स्वतःच कबूल केलंय तिनं."

"आणि त्यानं नेले?"

"नाहीतर तिनंच त्याला काढून दिले. मोजणी शुक्रवारी संपली होती. पुढची मोजणी सहा वर्षांनी. मग सोमवारी सकाळी ही बया तिथे कशाला गेली होती? विचारलं तर म्हणते, सहज. सहज कुणी दलदल तुडवत जातं का?"

प्रश्न बिनतोड होता. एन्सिओनं कप खाली ठेवला. "जिल्हा कचेरीत शुक्रवारी निर्णय आहे. तिला काढून टाकतील आणि विद्यापीठाला कळवतील. संरक्षित जिवाची चोरी म्हणजे जन्मात तिला कुणी जंगलात उभं करणार नाही."

"आणि तुला काय वाटतं?"

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. "मला वाटतं, हे लवकर संपावं," तो म्हणाला.

२

इल्मी खोपीच्या दारात उभी होती. उंच, हडकुळी, डासांनी कपाळ फोडून काढलेलं. दोन महिने या खोपीत राहून ती ओढे तपासत होती, वाळलेली झाडं मोजत होती, वाटेवरच्या फळ्या बदलत होती. खोपीत फोन लागत नाही. बोलायचं तर मागच्या टेकडीवर चढावं लागतं. दाराला कुलूप नाही. आमच्या रानातल्या खोप्यांना ते नसतंच.

"तुम्ही मला घेऊन जायला आलात का?" तिनं विचारलं.

"आधी ओढा दाखव. मग बघू, कोण कुणाला घेऊन जातं."

वाटेत ती मान खाली घालून चालली. ओढ्याशी पोचल्यावर मात्र तिच्या हातापायांत जीव आला. तळाला काच बसवलेली बादली तिनं पाण्यावर टेकवली आणि मला वाकायला लावलं. काचेतून तळ स्वच्छ दिसला. वाळू, खडे, आणि खड्यांमध्ये छोटे छोटे खळगे. प्रत्येक खळग्यात एकेक शिंपला उभा रुतून बसलेला असायचा. काही तर शंभर वर्षांपूर्वी आमचा देश स्वतंत्र झाला त्याच्याही आधीपासून तिथेच बसलेले होते.

"इथे म्हातारी होती," इल्मी पाण्यात बोट दाखवून म्हणाली. "कडेला टवका उडालेली. आणि तिच्या शेजारी तीन पिल्लं. नखाएवढी."

"पिल्लंही गेली?"

"सगळी."

मी काठाकाठानं वर गेले, खाली गेले. झुडपं उलटीपालटी केली. शिंपल्याची एक कवची मिळाली नाही. काठाला माणसाची पावलं उमटतील अशी मऊ जागा होती, तिथे कुणीतरी शेवाळ थापटून नीट बसवलं होतं. चोर इतका टापटिपीचा मी नोकरीत पाहिला नव्हता.

"सोमवारी इथे का आली होतीस?"

"सहज."

"इल्मी, मी तुझी आई नाही. माझ्याशी खोटं बोललीस तर मला वाईट वाटणार नाही, पण तुझं वाटोळं होईल."

तिचे कान लाल झाले. बादली तिनं छातीशी धरली.

"त्यांना बघायला," ती कशीबशी म्हणाली. "कामासाठी नाही. रविवारी गावातून परत आले, खोपीत बसले, आणि... मला कुणाला तरी बघायचं होतं. तुम्ही हसाल."

मी हसले नाही. पण अजून काहीतरी ती दाबून ठेवत होती, आणि ते खोपीतच होतं, कारण मी खोपीकडे वळले तशी ती धावत माझ्या पुढे गेली.

३

मी आत शिरले तेव्हा इल्मी खिडकीला पाठ लावून उभी होती.

"बाजूला हो."

"काही नाही तिथे."

"मग बाजूला व्हायला काय जातंय?"

ती सरकली. खिडकीच्या फळीवर, लोक फुलं ठेवतात तशा, जामच्या बरणीत सात-आठ काड्या उभ्या होत्या. साध्या नव्हेत, फुलवलेल्या. सुरी चालवत न्यायची, पापुद्रा काढायचा पण तोडायचा नाही. असं करत गेलं की काडी डोक्याशी झुलपं आल्यासारखी फुलते. एका ठिणगीत पेट घेते. खोपीतून निघताना मागून येणाऱ्यासाठी अशा काड्या करून चुलीपाशी ठेवायच्या, हा आमचा धर्म. येणारा कोण, हे माहीत नसतं. तो गारठलेला असेल, एवढंच माहीत असतं. शाळेत पोहायला शिकायच्या आधी आम्ही हे शिकतो.

"या तू केल्यास?"

"माझ्या अशा होत नाहीत. माझ्या म्हणजे नुसती टोकं काढलेली लाकडं." ती बाकावर बसली. "रविवारी परत आले तेव्हा चुलीपाशी होत्या. मी चिंब भिजले होते. पण जाळवेनात. इतक्या दिवसांत कुणीतरी माझ्यासाठी काही केलं होतं."

"आणि हे तू एन्सिओला सांगितलं नाहीस."

"कारण मला वाटलं, योरिस असेल." योरिस म्हणजे तो हॉलंडचा होडीवाला. जुलैच्या सुरुवातीला पावसात एक रात्र आसऱ्याला आला होता. तिनं त्याला सूप दिलं, आणि सकाळी ओढ्यावर नेऊन शिंपले दाखवले. "मला वाटलं, तो परत आला. आधी आनंद झाला. मग सोमवारी ओढा बघितला आणि कळलं की तो कशाला आला असेल. काड्या दाखवल्या असत्या तर त्याच्यावर आलं असतं."

"तुझ्यावर आलंय त्याचं काय?"

"चूक माझीच आहे ना? बोलायला माणूस मिळालं म्हणून मी बोलत सुटले."

मला तिचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त काहीतरी आलं, ते मी खोकून गिळलं.

"तो सकाळी गेला तेव्हा खोपी कशी होती?"

"चुलीत राख तशीच. माझी सगळी सुकी लाकडं संपवली होती. त्याला आपली पद्धत माहीतच नव्हती, मी सांगितलीही नाही."

"मग वेडे, दोन आठवड्यांत हॉलंडात कोणी त्याला काड्या फुलवायला शिकवलं?"

तिनं वळून बरणीकडे पाहिलं.

मी एक काडी उचलली आणि एका पापुद्र्यावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्यावरून. काडी रुमालात गुंडाळून खिशात टाकली. शनिवार-रविवारी इथे आपल्यापैकीच कुणीतरी येऊन गेलं होतं. त्यानं पावलं पुसली, फरशी झाडली, आल्याची खूण राहू दिली नाही. आणि निघताना हाताच्या सवयीनं एवढी एक खूण मागे ठेवली.

"इल्मी, तू शनिवारी नसतेस, हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्या गावाला," ती म्हणाली.

४

गावात एकच कॅफे आहे आणि तो राइली हेइकुराचा आहे. तिच्या गळपट्ट्याला मोत्याचं पदक असतं. नदीच्या मोत्याचं, वाटाण्याएवढं. ते बघायलाच मी आत शिरले, आणि तिनंही माझी नजर बघितली.

"आजोबांनी काढलेला आहे, बंदी यायच्या आधी," ती दातेरी सुरीनं वेलदोड्याचा पाव कापत म्हणाली. "तू आलीस तेव्हाच म्हटलं, आता ही बाई माझ्या छातीकडे बघणार. या वयात कोणी बघतंय हेही नसे थोडके."

"शनिवारी कुठे होतीस?"

"इथेच. दुपारी नाच, संध्याकाळी सौनातली वाफेची आंघोळ. अख्खा गाव साक्षीला आहे. तुझी ती इल्मीसुद्धा."

"कशी असते ती?"

राइलीची जीभ जरा मऊ झाली. "दर शनिवारी येते. सौना घेते, कपडे धुते. मग त्या कोपऱ्यात एक कप कॉफी पुढ्यात घेऊन बसते. कॉफी गार होते तरी बसते. उठायचं जिवावर येतं तिच्या. बोलत कुणाशी नाही. आपली माणसं तरी कुठे आपणहून बोलतात? तिला वाटतं आम्ही शिष्ट, आम्हाला वाटतं ती शिष्ट."

"तू बोललीस?"

"मी पाव देते," राइली म्हणाली. आमच्याकडे ते बोलण्यातच जमा धरतात.

"तुझ्या आजोबांना एक मोती मिळायला किती शिंपले फोडावे लागायचे?"

"हजार. कधी त्याहून जास्त. आमच्या गवताच्या कोठाराखाली अजून कवच्यांचा ढीग आहे, पावसाळी दिवसात चमकतो. जीव फुकट गेलेत नुसते. मोती शोधणारा जागच्या जागी फोडतो गं, हेल्वी. जिवंत शिंपला म्हणजे दगड. कोण वाहून नेईल?"

"आणि नखाएवढी पिल्लं?"

"त्यात काय मिळणार, कप्पाळ? पिल्लांना आजोबा हात लावत नसत."

मी पाव तसाच ठेवून उठले. कवच्या नाहीत, आणि पिल्लंही गेलेली. ही मोत्याची चोरी नव्हतीच. ज्याला सगळे हवे होते, लहानथोर, आणि जिवंत, असा कुणीतरी आला होता.

"पाव खा की," राइली मागून ओरडली. "चोर काय पळून जातोय?"

"तेच तर," मी म्हटलं. "तो कुठेच गेलेला नाही."

५

दलदलीच्या कडेला काउको तोलोनेन आपल्या पोकलेनच्या सावलीत बसला होता. साठ वर्षांपूर्वी सरकारनं ही दलदल सुकवायला चर खणले. आता सरकारच ते बुजवून दलदल परत ओली करणार, आणि ते काम काउकोकडे होतं. त्याच्या बापानं याच चरांवर फावडं मारलं होतं.

"बापानं खणायचे आणि पोरानं बुजवायचे," तो म्हणाला. "सरकारकडे डोकं नसलं तरी पिढ्यान् पिढ्या काम असतं. या, साहेबीणबाई. सॉसेज खाणार?" त्यानं सुरीनं सॉसेजची चकती कापून पुढे केली. चकती काचेसारखी गुळगुळीत होती.

"तुझ्यावर संशय आहे, काउको."

"असणारच. ओढ्यात शिंपले आहेत म्हटल्यावर कोणीतरी हरकत घेतली असती, माझं मशीन उभं राहिलं असतं. म्हणजे शिंपले नाहीसे झाले तर फायदा माझा. एवढं मलाही कळतं." तो चावत राहिला. "पण बाई, तसं असतं तर मी काहीच केलं नसतं. मी गेल्या गुरुवारी मशीन घेऊन तयार होतो. बुजवण्याआधी चराचे काठ फोडले असते आणि गाळानंच निकाल लावला असता."

"मग सुरू का नाही केलंस?"

"एन्सिओ म्हणाला, सोमवारी लाग. का, ते सांगितलं नाही. हाच माणूस महिनाभर माझ्या मागे लागला होता, लवकर कर, निधी परत जाईल. आणि ऐन वेळी म्हणतो, चार दिवस थांब. आता तर चोरीमुळे सगळंच बंद आहे."

"पण गाळ ओढ्यात कसा येईल? नकाशात या चराचं पाणी पूर्वेला तळ्यात जातं."

काउकोनं खांदे उडवले. "नकाशा साहेबांनी काढलाय. बाप वेगळं सांगायचा. मी मशीन चालवतो, पाण्याला विचारत नाही." मग डोळा बारीक करून म्हणाला, "बघा बुवा. कुंपणानंच शेत खाल्लं असं व्हायचं."

तो थट्टेनं बोलला. मी मात्र सॉसेज तसंच ठेवून चराकडे निघाले.

६

चरात पाणी इतकं संथ होतं की नुसत्या डोळ्यांना हललेलं दिसत नव्हतं. मी दलदलीतल्या गवताचा पांढरा कापूस तोडला, फुंकर घालून पाण्यावर सोडला आणि एका बुंध्यावर बसून राहिले.

कापूस बराच वेळ जागच्या जागी डुलला. मग सावकाश निघाला. पश्चिमेला. इल्मीच्या ओढ्याकडे.

नकाशा चुकला होता. चर फोडला असता तर साठ वर्षांचा गाळ सुटून थेट त्या वाकणावर आला असता आणि शिंपले गुदमरून मेले असते. हे कुणालातरी माझ्या आधी कळलं होतं. वसंतात बर्फ वितळताना पाणी जोरात असतं, तेव्हा इथे आलेल्याला कापसाचीही गरज पडली नसती. ज्याला कळलं, त्यानं काम चार दिवस पुढे ढकललं, इल्मीची मोजणी संपू दिली, ती गावात जाईपर्यंत वाट पाहिली आणि शिंपले उचलले.

आता उरला एकच प्रश्न, तो कोण. आणि खरं तर तोही उरला नव्हता. खिशातल्या काडीवर अंगठा फिरवला तेव्हाच, खोपीत, मला ते कळलं होतं. तरी मी गावभर भटकले, लोकांचे पाव आणि सॉसेज बघितले. दुसरं कुणीतरी निघावं असं मनापासून वाटत होतं.

७

"चीज आहे का अजून?" मी एन्सिओला विचारलं.

त्यानं चीजचं फडकं सोडलं आणि कमरेची सुरी काढून काप केला. मी रुमाल उघडला आणि काडी त्या कापाशेजारी ठेवली. कापावर मधोमध बारीक रेघ. काडीच्या प्रत्येक पापुद्र्यावर, बरोबर मधोमध, तशीच बारीक रेघ.

"तुझ्या पात्याला खाच पडलीय, एन्सिओ. राइलीची सुरी दातेरी आहे, काउकोची आरशासारखी. त्या होडीवाल्याला काड्या म्हणजे काय ते ठाऊक नाही. आणि इल्मीनं केल्या म्हणावं, तर काड्या मागून येणाऱ्यासाठी करतात. मागून येणारी तीच होती."

एन्सिओनं सुरी खाली ठेवली.

"कुठे आहेत?" मी विचारलं.

"वर. चर मिळतो त्याच्याही वर, खडकाळ भागात. तिथवर गाळ येणार नाही. ओल्या शेवाळात गुंडाळून बादल्यांतून नेले. एकेक उभा करून लावला. रात्रभर." त्याचे हात टेबलावर पालथे पडले होते, बोटांची सालं निघालेली मला आता दिसली. "नकाशावर सही माझी आहे, हेल्वी. मे महिन्यात कळलं की उलटा आहे. तोवर मशीन ठरलं होतं, निधी आला होता. निवृत्तीच्या तोंडावर सगळ्यांपुढे सांगायचं, की मोइलानेनला पाणी कुठे वाहतं ते कळत नाही?"

"आणि परवानगीशिवाय शिंपल्याला हात लावणं गुन्हा आहे."

"म्हणून तर गुपचूप. कुणाला कळणारच नव्हतं. पुढची मोजणी सहा वर्षांनी होती. ती पोरगी सोमवारी तिथे परत जाईल, हे कसं सुचणार मला? काहीच काम नव्हतं तिला तिथे!"

"काम नव्हतंच. ती त्यांना भेटायला गेली होती."

"कुणाला?"

"शिंपल्यांना. दुसरं कोण होतं तिला?"

सगळं जुळवून आणलं होतं त्यानं. माणूस इतकं एकटं पडतं, हे तेवढं धरलं नव्हतं. तीन वर्षं रिकाम्या घरात जेवणाऱ्यानं हे धरू नये, याचंच मला आश्चर्य वाटलं.

"आणि काड्या कशाला ठेवल्यास रे?"

"हात थांबला नाही," तो पुटपुटला. "निघताना बघितलं, चुलीपाशी काहीच नव्हतं. पावसाची चिन्हं होती. म्हटलं, पोरगी भिजून येईल."

"तिची एवढी काळजी. आणि दुसऱ्या दिवशी तिलाच चोर म्हणालास."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझा जुना मित्र होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही.

"चल," मी म्हटलं. "टोपी घाल. हे मला सांगून भागणार नाही."

८

एन्सिओनं इल्मीला खोपीच्या दारातच सगळं सांगितलं. टोपी हातात घेऊन, एकही गोष्ट न गाळता. इल्मी ऐकत होती. मला वाटलं, रडेल किंवा ओरडेल.

"जिवंत आहेत?" तिनं एवढंच विचारलं.

आम्ही तिघं ओढ्याच्या वरच्या अंगाला गेलो. इल्मीनं पाण्यात उतरून बादली टेकवली आणि वाकली. तिची पाठ बराच वेळ हलली नाही. मग तिनं बाही वर करून हात पाण्यात घातला, आडवा पडलेला एक शिंपला उभा केला, मग आणखी एक.

"म्हातारी आहे," ती पाण्याकडे बघतच म्हणाली. "पिल्लंही आहेत. तुम्ही त्यांना तिच्याजवळच लावलंत."

"तशीच होती, म्हणून," एन्सिओ म्हणाला.

तेव्हा ती वळली. गुडघाभर पाण्यात उभी, ओठ निळे पडलेले. "तुम्ही मला विचारायचं होतंत," ती म्हणाली. "मी बादल्या धरल्या असत्या. रात्रभर धरल्या असत्या. तुमच्या नकाशाचं मी कुणाला सांगितलंही नसतं, मूर्खासारखी! मला फक्त कुणीतरी हाक मारायला हवी होती. दोन महिने मी त्या खोपीत बसलेय, आणि तुम्ही मी नसतानाच आलात."

एन्सिओनं टोपी घातली. तो टेकडी चढायला लागला. वर फोन लागतो. आम्ही खालून बघत होतो. वारा आमच्याकडे येत होता, त्यामुळे जिल्हा कचेरीला तो काय सांगत होता ते तुटक तुटक ऐकू येत होतं. दोनदा त्यानं "इल्मी सार्कोला" असं पूर्ण नाव घेतलं, आणि दुसऱ्यांदा, पलीकडच्याला ऐकू गेलं नसावं म्हणून, अक्षर अक्षर सुटं करून मोठ्यानं सांगितलं, की तिचा काही दोष नाही.

काम थांबलं. एन्सिओवर खटला भरण्याचे कागद मलाच करावे लागले. ते मी केले. माझ्या पुराव्यापुरती एक काडी ठेवून घेतली, बाकीच्या बरणीत राहू दिल्या. त्यांचं काय करायचं ते इल्मीनं ठरवायचं होतं. निघताना बघितलं तर ती चुलीपुढे बसली होती, ओल्या कपड्यांत. तिनं त्या एकेक करून आत घातल्या. एका ठिणगीत पेटल्या. एन्सिओच्या काड्या कायमच चांगल्या.

सप्टेंबरच्या शेवटी मी पुन्हा वर गेले. इल्मी महिन्याभरापूर्वीच हेलसिंकीला परतली होती. मला तिथे काहीच काम नव्हतं. शिंपले बघायचे होते, असं मी स्वतःला सांगितलं. ते होते, काचेतून बघितले. परतताना गारांचा पाऊस लागला आणि खोपीत शिरले तेव्हा बोटं वाकत नव्हती.

फरशी झाडलेली होती. चुलीपाशी काड्यांची एक मोळी होती. जाड, वेड्यावाकड्या, पापुद्रे अर्धे तुटलेले, एकीवर रक्ताचा वाळलेला डाग. शिकाऊ हाताच्या. किती काड्या वाया घालवून एवढ्या जमवल्या असतील कोण जाणे.

मी काडेपेटी काढली. हात गारठून गेले होते, तरी काडी ओढवेना. मग उठले, खिडकीतली जामची रिकामी बरणी घेतली, आणि मोळीतली एक काडी तिच्यात उभी करून ठेवल्यावरच चूल पेटवली.